पाय लावायचे राहिले

रिक्षातून उतरून रेवाला खांद्यावर घेऊन मी वस्तीवर आले, तेव्हा आत्याबाई मुरघासाच्या, म्हणजे चारा मुरवायच्या, खड्ड्याच्या काठावर पालथ्या पडल्या होत्या. मला वाटलं, चक्कर आली. पिशवी तिथंच टाकून मी धावले. मान न वळवताच त्यांनी हात वर केला. थांब.

"ऐक," त्या म्हणाल्या.

खड्ड्यात, पुरुषभर खाली, काळं प्लास्टिक अंथरलेलं होतं. कडेनं मातीनं भरलेल्या गोण्या. मधोमध प्लास्टिक चांगलं फुगून वर आलं होतं, आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून बारीक फुसफुस ऐकू येत होती. थांबायची, परत सुरू व्हायची.

"श्वास घेतंय."

"काय श्वास घेतंय?"

"काल नव्हतं. आज सकाळपासून सुरू झालंय." त्या उठून बसल्या, खोकल्या, आणि रेवाकडे पाहू लागल्या. तोंडाकडे नाही, पायांकडे. "हिचे पाय लागायचे राहिले, मयुरी."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. संगमनेरच्या पुढं डोंगराकडेला आमची वस्ती. घरात ही दोघं, नवरा विक्रांत, मी आणि दहा महिन्यांची रेवा. दावणीला बारा गाई.

त्या वर्षी मामांनी मक्यात सोयाबीन घेतलं होतं. दोन ओळी मका, एक ओळ सोयाबीन. दोन्ही एकदमच कापायचं, एकत्र बारीक कुट्टी करायची आणि खड्ड्यात तुडवून मुरवायचं. नुसत्या मक्यानं जनावराचं पोट भरतं, सोयाबीन असलं की दुधाला अंग येतं, असं ते सांगायचे. पण पावसानं दडी मारली. मक्याची पानं सुरळीसारखी गुंडाळली. मामा हट्टाला पेटले आणि विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर युरिया देत राहिले. मग एकदाचा पाऊस आला आणि मका बघता बघता हिरवा झाला. हिरवा कसला, काळपट. थोडं थांबायला हवं होतं, हे मामांनाही कळत होतं. पण तिकडं सोयाबीनची पानं पिवळी होऊन गळायला लागली होती.

"मीच दोघांचं लगीन लावलं," मामा म्हणाले होते, "आता एकाला घेऊन जाऊ आन् दुसऱ्याला मांडवात ठिवू का?"

म्हणून पाऊस उघडल्याबरोबर कापणी केली. चारा कमी भरला, खड्डा अर्धाच झाला.

कुट्टी खड्ड्यात पडते तशी ती तुडवावी लागते, आत हवा राहिली तर चारा सडतो. सगळेच तुडवतात. पण आमच्या वस्तीवर त्याला आणखी एक गोष्ट जोडलेली होती. वर्षभर ज्या खड्ड्यावर घर चालणार, त्याला घरातल्या प्रत्येकाचे पाय लागले पाहिजेत. पाहुण्यांचेसुद्धा. सगळ्यात लहान माणसाचे सगळ्यात शेवटी, मग प्लास्टिक. हे कुठल्या पोथीत नव्हतं, शेजारच्या वस्तीवरही नव्हतं. आमच्याकडे होतं, आणि आत्याबाई त्याबाबतीत फार कडक होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी पायाला लागलंय म्हणून टाळायला बघत होते, तर त्यांनी मला धरून उतरवलं होतं.

यंदा नेमकी रेवाची लस आली, लसीचा ताप आला आणि मी तालुक्याला माहेरी अडकले. मी परत यायच्या आत खड्डा झाकला गेला.

"पुढच्या वर्षी लावू की पाय," मी म्हणाले.

आत्याबाईंनी परत खड्ड्याकडं कान लावला. प्लास्टिक परत फुसफुसलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनीच विषय काढला.

"उद्या एक कोपरा उघडायचा आन् पोरीचे पाय टेकवून घ्यायचे."

मामा घास हातात धरून थांबले. "झाकलेला खड्डा उघडायचा? हवा शिरली की काळा पडंल सगळा."

"कोपराच म्हणतीय."

"आई, प्लास्टिक फुगतंच," विक्रांत म्हणाला. "आंबतंय ना आत. इडलीचं पीठ नाही का फुगत?"

"इडलीचं पीठ माणूस मागत न्हाई."

विक्रांत हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी ताटाकडं बघत विचारलं, "तुला काय वाटतं गं, मयुरी?"

"मी तिला खड्ड्यात नेऊ देणार नाही."

"का?" आत्याबाईंनी विचारलं.

का, ते मलाही सांगता येत नव्हतं. रेवा झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटायची. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. विक्रांत माहेरच्यांसमोर त्याची नक्कल करायचा. त्यामुळं माझ्या 'नाही'ला घरात फार वजन नव्हतं.

"तिथं वास येतो," मी म्हणाले.

"मुरघासाला वास येणारच!" विक्रांत म्हणाला. "त्याला काय अत्तराचा यावा?"

पण तो वास मुरघासाचा नव्हता. चांगला मुरघास आंबटगोड लागतो, लोणच्याच्या बरणीसारखा. हा नाकात टोचायचा. फरशी धुवायच्या पावडरीसारखा.

सकाळी मी रेवाला कडेवर घेऊन जरा अंतर राखून खड्ड्याभोवती फिरले. वारा पडला होता. एरवी कोंबड्या दिवसभर तिथं सांडलेली कुट्टी उकरायच्या. आज एकही नव्हती. सगळ्या शेणखताच्या ढिगावर चढून बसल्या होत्या. खड्ड्याच्या काठाला लागून बांधलेली कालवड मान खाली घालून खोकत होती. आणि भिंतीच्या आतल्या बाजूनं, प्लास्टिकच्या कडेकडेनं, माशा पडल्या होत्या. मेलेल्या. कुणीतरी झाडून एका रेषेत लावाव्यात तशा.

मी विक्रांतला हाक मारली. तो दुधाचे कॅन गाडीत चढवत होता.

"माशा मेल्या म्हणून तुला वाईट वाटतंय?"

"एका ओळीत मेल्यात."

"मयुरी." त्यानं कॅन खाली ठेवला. आवाज खाली आणला. "तुला सगळीकडं काहीतरी दिसतं. आपण एकदा डॉक्टरांशी बोलू. रेवाच्या नाही, तुझ्या."

"कालवड खोकतेय, ते तरी बघा."

त्यानं कालवड सोडून गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधली, माझं समाधान म्हणून. मग दूध घालून तसंच बाजारला पेंड आणायला तो आणि मामा निघून गेले. जाताना मामा आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "खड्ड्याच्या नादी लागू नको." त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ आत्याबाईंकडं पाहिलं, असं मला वाटलं.

दुपारी रेवाला भरवत होते. आत्याबाई येऊन माझ्यासमोर खाली बसल्या. ही बाई कधी कुणापुढं बसत नसे. उभ्यानं कामं सांगायची, उभ्यानं चहा प्यायची. त्यांनी रेवाचं पाऊल तळहातावर घेतलं.

"मयुरी, आजवर मी तुला काय मागितलं?"

"आत्याबाई, असं नका ना करू."

"न्हाई, सांग. काय मागितलं?"

"काही नाही."

"मग हे एवढं दे. दोन पावलं टेकवू दे. तू धर तिला, मी हात बी लावत न्हाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "खड्डा माणूस मागतोय गं. मला ठाऊक हाय. तो लहानच मागतो."

मी रेवाला उचलून छातीशी धरलं. ती वरणभातानं भरलेल्या तोंडानं हसत होती. मला आत्याबाईंची भीती वाटली, खड्ड्याचीही वाटली. कुठली भीती खरी, ते मला कळेना.

"पाय नाही," मी म्हणाले. "वाळे चालतील?"

त्यांनी मान वर केली.

"तिच्या पायातले आहेत. दुसऱ्या कुणाच्या पायात गेले नाहीत. ते टेकवा."

त्यांनी अंगठ्यानं वाळा पायाभोवती फिरवून पाहिला. मग रेवाचे वाळे त्यांनीच हळूच काढले आणि पदरात बांधले.

मी खड्ड्यापासून लांब उभी राहिले, पण आतलं दिसेल एवढ्या अंतरावर. आत्याबाई लोखंडी शिडीनं उतरल्या. दोन गोण्या बाजूला ढकलल्या, प्लास्टिकचा कोपरा धरला आणि उचलला.

आतून धूर आला. धूरच म्हणायचा, पण तो वर येईना. पिवळट, तपकिरी, चहाच्या पातळ पाण्यासारखा. तो प्लास्टिकवरून सरपटत पसरला आणि आत्याबाईंच्या घोट्यांभोवती जमला. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या वाकून कुट्टीत वाळे दाबत होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मग खोकल्या. परत खोकल्या. आणि खाली बसल्या.

"आत्याबाई, वर या!"

"येते." आवाज झोपेतल्यासारखा होता. "ऊब हाय गं इथं."

"वर या म्हणते ना!"

त्या एका कुशीवर कलल्या. तो पिवळा धूर त्यांच्या चेहऱ्यापर्यंत आला.

माझा एक पाय शिडीवर होता. कडेवर रेवा. आणि तेव्हा मला माहेरच्या मूळ गावातली विहीर आठवली. गाळ काढायला एक भाऊ उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. दोघांनाही दोरानं वर काढलं होतं. मी पाय मागं घेतला.

रेवाला घेऊन मी घरामागच्या ओट्यावर पळाले. तिला भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं आणि पुढ्यात खाट आडवी केली. तिनं हात पसरून किंचाळायला सुरुवात केली. जन्मल्यापासून तिला रडत सोडून मी कधी पाठ फिरवली नव्हती. फिरवली.

कुट्टीचं मशीन अजून खड्ड्याजवळच होतं, चारा फेकायचं त्याचं लांब तोंड खड्ड्यात वळवलेलं. चारा नसला तरी ते वारा फेकतं, एवढं मी बघितलेलं होतं. मी मोटारीचं बटण दाबलं. वीज होती. मशीन गरजलं. प्लास्टिक फडफडून उलटं झालं, गोण्यांवरची माती उडाली, आणि तो पिवळा थर मधोमध फाटून वर उठला, विरला, परत जमला, परत फाटला. मी तोंडावर ओढणी दाबून काठावर ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. आत्याबाईंना नुसतं आत्या म्हणत होते, एवढं आठवतं.

त्यांचा हात हलला. मग त्या खोकल्या. रांगत, कुट्टीत हात रोवत, शिडीपर्यंत आल्या. श्वास धरून मी दोन पायऱ्या उतरले, त्यांच्या दंडाला धरलं आणि ओढलं. माझ्यात एवढी ताकद कुठून आली, ते विचारू नका.

ओट्यावर बसून त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं, रेवाला मांडीवर घेतलं आणि त्या चक्क हसल्या.

"टेकवले गं वाळे. आतच राहिले, पण टेकले."

"दवाखान्यात जायचंय आपल्याला."

"कशाला? डोळं चुरचुरतंय थोडं. चहा टाक."

मी विक्रांतला फोन लावला. तो म्हणाला, "आई बोलतेय ना? दे तिच्याकडं." आत्याबाई फोनमध्ये म्हणाल्या, "मी ठणठणीत हाय. तुझी बायको घाबरट." आणि फोन परत देताना मला म्हणाल्या, "चहाला आलं घाल."

खरंच त्या ठणठणीत दिसत होत्या. उठून चुलीकडं निघाल्या. पण बोलताना दर वाक्यानंतर एक छोटा श्वास घेत होत्या, जो त्या एरवी घेत नसत. मी रोज कुणाचे ना कुणाचे श्वास ऐकत बसणारी बाई. मला तो ऐकू आला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मी तुमचं ऐकून वाळे दिले. आता तुम्ही माझं ऐकायचं." माझा आवाज इतका चढला की रेवा दचकली. शेजारच्या वस्तीवरच्या बबनरावांना जीप घेऊन बोलावलं. ते आले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या राहून त्यांना सांगत होत्या, "बघा बबनराव, सून आली आन् मी एकदम आजारी पडले."

तालुक्याच्या दवाखान्यात आम्हाला बाकड्यावर बसवून ठेवलं. नर्स दोनदा येऊन बघून गेली आणि दोनदा म्हणाली, आजी तर बऱ्या आहेत. मी उठले नाही. दिवेलागणीच्या सुमाराला आत्याबाई मला रेवाच्या दातांबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि शब्दाच्या मध्येच थांबल्या. ओठ जांभळे झाले होते. तोंडाच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आला. मग सगळे धावले.

त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, उशांना टेकून बसल्या होत्या. मामा आणि विक्रांत रात्रभर थांबले होते. विक्रांत रेवाला घेऊन माझ्या माहेरी गेला होता, मामा खाली औषधं आणायला. डॉक्टरीण आली. माझ्याच वयाची होती.

"तुम्ही घरी थांबला असतात तर आज या इथं नसत्या," ती मला म्हणाली. "मुरघास आंबताना सुरुवातीचे काही दिवस असा वायू सुटतो. पाण्यावाचून ताणलेलं पीक, वरून युरिया, पाऊस पडल्यावर लगेच कापणी; अशा चाऱ्यात जास्तच. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. माणसाला लगेच काही होत नाही, तीच गंमत. ते उठतं, बोलतं, जेवतं. फुप्फुसात पाणी भरतं काही तासांनी."

"लहान मूल असतं तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"लहान मुलाला दोन-चार श्वास पुरे झाले असते. तुम्ही त्याला घरी आणलं असतं, ते खेळलं असतं. आणि संध्याकाळी…" तिनं पुढचं बोलायचं टाळलं.

"दूध पिलं असतं?"

"हो. कदाचित."

"हसलं असतं?"

डॉक्टरणीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मला काही माहीत नाही म्हणून. ती गेली.

आत्याबाई खिडकीकडं बघत होत्या.

"विक्रांतच्या आधी मला एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "नंदा."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात फोटो नव्हता, नाव नव्हतं.

"पहिल्याच वर्षी खड्डा केला तवाची गोष्ट. तालुक्यात कुणाकडं न्हवता. मी बाळंतपणाची माहेरी. चार महिन्यांची घेऊन आले तर खड्डा भरून झाकलेला. सासू म्हणली, नव्या खड्ड्याला सगळ्यांचे पाय लागले, हिचेच राहिले. उघडला कोपरा. माझ्या हातानं उतरवली मी तिला. आत ऊब होती, ती हसली. गुडघ्यापतोर रोवली मी, चांगले लागावेत म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "घरी येऊन दूध पिली. तिन्हीसांजेला तिला दम लागला. वैद्याकडं न्यायच्या आतच."

मी त्यांचा हात धरला.

"सगळे म्हणले, उशीर झाला. पाय उशिरा लागले म्हणून खड्ड्यानं नेली. मी बी तेच धरून बसले. मग कुणाला उशीर होऊ दिला न्हाई मी कधी. तुला न्हाई, इक्रांतला न्हाई. रेवाचा झाला, तर माझा जीव…" त्या थांबल्या. "म्हंजे उशीर न्हवताच गं कारण."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आत्याबाई."

"न्हाई सांगितलं." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "मामांना यातलं बोलू नको. वायू होता, मला लागला, एवढंच सांग. नंदाचं त्यात आणू नको."

"त्यांना माहीत नाही?"

"ती गेली ते माहीत हाय. का गेली ते न्हाई." त्यांनी डोळे मिटले. "शिडी त्यांनी धरली होती."

मी हो म्हणाले.

बाहेर आले तर मामा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात मोसंब्यांची. आत न जाता तिथंच उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"डॉक्टरीणबाई भेटली खाली," ते म्हणाले. "सगळं इचारून घेतलं मी. कशानं होतो, किती दिवस असतो, लहान लेकराला काय होतं. सगळं."

मी मोसंब्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला, त्यांनी ती दिली नाही.

"मयुरी, तुझ्या आत्याला यातलं काही कळू देऊ नको." ते माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघत होते. "एक जुनी गोष्ट हाय. तुला ठाऊक असायचं कारण न्हाई. तिच्या हातात होतं लेकरू. तिला कळलं तर ती न्हाई जगायची."

मी त्यांनाही हो म्हणाले.

ते आत गेले, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि मोसंबं सोलायला लागले. दारातून मला दोघं दिसत होती. त्यांनी एक फोड तिच्या तोंडात दिली. तिनं तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. "तुम्हाला कधी चांगलं मोसंबं आणता आलं का?"

"दुकानदार म्हणला गोड हाय."

"दुकानदार म्हणतोच."

"मग दुसरं सोलू?"

"सोला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली उरलेली आंबट फोड घेऊन तीही खाल्ली.